उत्पादन थांबले तरी खर्च थांबत नाही

घर, मुलांचे शिक्षण आणि लग्नकार्य यांच्या खालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी रक्कम जर कशात गुंतत असेल, तर ती मोटारीत. असे असूनही या व्यवहाराकडे आपण जितक्या भावनेने पाहतो, तितक्या हिशेबाने पाहत नाही. जुनी गाडी घेताना तर ही उणीव अधिकच जाणवते. नवी गाडी घेणारा निदान चार ठिकाणी चौकशी करतो. जुनी गाडी घेणारा मात्र पुष्कळदा रंग, गाद्या आणि मागितलेली किंमत एवढ्यावरच मन ठरवून मोकळा होतो.

अलीकडे या बाजारात एक विशेष मोह उभा राहिला आहे. उत्पादन बंद झालेल्या मोठ्या, सात आसनी कौटुंबिक गाड्या आज नव्या लहान गाडीच्या किमतीत, कित्येकदा तिच्याहूनही कमी किमतीत मिळू लागल्या आहेत. दहा वर्षांपूर्वी ज्या गाडीकडे शिक्षक किंवा कारकून दुरूनच पाहत असे, ती आता त्याच्या भविष्यनिर्वाह निधीच्या आवाक्यात आली आहे. हा व्यवहार शहाणपणाचा की फसवा, हा प्रश्न म्हणूनच अनेक घरांत चर्चिला जात असणार. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नसले, तरी ते शोधण्याची रीत निश्चित सांगता येईल.

एक बोलके उदाहरण

उदाहरणासाठी महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेली महिंद्रची एक्सयूव्ही ५०० ही गाडी घेऊ. सप्टेंबर २०११ मध्ये ती बाजारात आली. तिची जडणघडण चेन्नईजवळच्या संशोधन केंद्रात झाली आणि चाकणच्या कारखान्यातून ती बाहेर पडू लागली. जीपसारख्या गाड्यांत खाली पोलादी चौकट आणि तिच्यावर बसवलेला सांगाडा अशी रचना असते. येथे मात्र सर्वसाधारण मोटारीप्रमाणे सगळा सांगाडा एकजीव होता. दिमाख जीपचा आणि बैठक मोटारीची. अशाच गाड्यांना 'क्रॉसओव्हर' म्हणतात. २,१७९ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, १४० अश्वशक्ती, सात आसने आणि सुरुवातीची किंमत दिल्लीच्या दराने १० लाख ८० हजार रुपये! मागणी इतकी उसळली की कंपनीला काही काळ नोंदणी थांबवावी लागली आणि पुढे सोडत काढून गाड्या द्याव्या लागल्या. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या पिढीला या प्रकाराचे हसू आले असेल.

२०१५ आणि २०१८ मध्ये गाडीचे रूप पालटले, इंजिनाची शक्ती वाढून १५५ अश्वशक्तीपर्यंत गेली आणि २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० हे नवे वाहन आल्यावर जुन्या गाडीचे उत्पादन थांबले. आज बाजारात दिसणाऱ्या एक्सयूव्ही ५०० या दहा वर्षांच्या काळातल्या आहेत. नाव एकच असले, तरी २०१२ ची गाडी आणि २०२० ची गाडी या ग्राहकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

'बंद' या शब्दाचे तीन अर्थ

गाडी बंद झाली एवढे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. ती का बंद झाली हे विचारले पाहिजे. काही गाड्या धाकट्या भावंडाला जागा देऊन जातात. एक्सयूव्ही ५०० या प्रकारात मोडते. कंपनी व्यवसायात आहे, सेवा केंद्रे गावोगावी आहेत आणि लाखाहून अधिक गाड्या रस्त्यावर आलेल्या असल्यामुळे सुटे भाग बनवणाऱ्यांना धंदा आहे.

दुसऱ्या प्रकारच्या गाड्या कायद्यामुळे किंवा गिऱ्हाइकाअभावी जातात. टाटांची हेक्सा जानेवारी २०१७ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ मानक लागू होताच थांबली. तिच्या आधीची, २०१० मध्ये आलेली आरिया तर गुणी असूनही फार खपलीच नाही. अशा गाडीची निर्माती कंपनी भक्कम असली, तरी गाड्यांची संख्या थोडी असते. आणि सुट्या भागांचा बाजार गाडीच्या गुणांमागे धावत नाही, संख्येमागे धावतो.

तिसरा प्रकार सर्वांत जोखमीचा. यात गाडीच नव्हे, तर कंपनीच देशातून आवरते घेते. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली आणि शेवरले कॅप्टिवासारख्या गाड्या पोरक्या झाल्या. तळेगावचा तिचा कारखानाही निर्यातीपुरता चालून २०२० अखेर थांबला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. सेवा आणि सुटे भाग चालू ठेवण्याचे आश्वासन अशा कंपन्या देतात, आणि ते काही काळ पाळलेही जाते. परंतु आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणचे सेवा केंद्र टिकेल की नाही, हे कंपनीचे मुख्यालय सांगू शकत नाही. ते आपल्याच गावात जाऊन पाहावे लागते.

इंजिन चालते, काच अडते

ग्राहकाची सगळी भीती इंजिनाभोवती फिरत असते. वस्तुतः एक्सयूव्ही ५०० चे 'एमहॉक' इंजिन स्कॉर्पिओच्या इंजिनाच्याच घराण्यातले असल्यामुळे तालुक्याच्या गावीही त्याचा जाणकार मेकॅनिक सापडतो. अडचण येते ती त्या विशिष्ट गाडीपुरत्याच बनवलेल्या वस्तूंची. पुढचा दिवा, बंपर, दाराची मूठ, छतावरची खिडकी, डॅशबोर्डावरील पडदा, विजेच्या तारांचे जाळे, नियंत्रक पेट्या या वस्तू दुसऱ्या कोणत्याही गाडीच्या चालत नाहीत. किरकोळ अपघातानंतर गाडी महिनाभर गॅरेजमध्ये अडकते ती दिव्यासाठी, पिस्टनसाठी नव्हे. म्हणून सौदा करण्यापूर्वी अशा पाच-सहा वस्तूंची यादी घेऊन सुट्या भागांच्या दुकानात जावे आणि भाव व मिळण्याची मुदत विचारावी. विक्रेत्याच्या तासाभराच्या वर्णनापेक्षा ही चौकशी अधिक उपयोगी पडेल.

आणखी एक बारकावा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात २,००० घनसेंटिमीटर आणि त्यावरील डिझेल गाड्यांच्या नोंदणीला मनाई केली, तेव्हा कंपनीने १.९९ लिटरचे वेगळे इंजिन आणले. ही मनाई ऑगस्ट २०१६ मध्ये उठली. पण त्या काळातील काही गाड्या आता इतर राज्यांत फिरत आहेत. नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिनाची क्षमता वाचून घ्यावी, ती याकरिता.

उरलेल्या वर्षांची किंमत

जुनी गाडी घेणारा वस्तुतः गाडी विकत घेत नाही, तिची उरलेली वर्षे विकत घेतो. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. परंतु १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे आणि पर्यावरण कर निराळा. २०१२ ची गाडी २०२७ मध्येच पंधरा वर्षांची होते. २०१९ ची २०३४ मध्ये. दोन गाड्यांच्या किमतीतील फरक या वर्षांनी भागून पाहिला, तर स्वस्त दिसणारी गाडी दर वर्षाला महाग पडते, असा अनुभव पुष्कळदा येईल.

दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांचा विचार येथेच करावा लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मज्जाव केला. २०२५ मध्ये हा विषय न्यायालयापुढे पुन्हा येऊन काही सवलत मिळाली; तथापि तिकडची स्वस्त गाडी इकडे आणून विकण्याचा धंदा मधल्या काळात जोरात चालला. अशा गाडीला तेथील ना हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि येथील नोंदणी हे सोपस्कार लागतात. ते पूर्ण झाल्याखेरीज तिची खरी किंमत कळत नाही.

आता प्रत्यक्ष वापराचा हिशेब मांडू. समजा, गाडी ६ लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी तिचे १ लाख आले. वर्षाला १ लाख रुपये घसाऱ्यात गेले. विमा, देखभाल, टायर, दुरुस्ती यांचे वर्षाला ६० हजार धरले, तर एकूण १ लाख ६० हजार झाले. शाळा किंवा कचेरी घराजवळ असणाऱ्या माणसाची गाडी वर्षाला ५,००० किलोमीटर चालते. म्हणजे डिझेलचा थेंबही न जाळता दर किलोमीटरला ३२ रुपये! हीच गाडी २०,००० किलोमीटर चालली आणि देखभालीचा खर्च वाढून १ लाख झाला, तरी हा आकडा १० रुपयांवर येतो. सहा लाखांवर मुदत ठेवीत मिळाले असते ते व्याज यात धरलेलेच नाही. आणि कर्ज काढले, तर जुन्या गाडीवरचा व्याजदर बहुधा नव्या गाडीपेक्षा अधिक असतो. कमी किमतीची गाडी कमी वापरणाऱ्याला परवडते हा समज किती उलटा आहे, हे यावरून दिसेल. गणपतीला कोकणात, एकदा कुलदैवताला आणि उन्हाळ्यात कोठेतरी, एवढ्यापुरतीच सात आसने लागत असतील, तर त्या पंधरा-वीस दिवसांसाठी चालकासह गाडी भाड्याने घेणे केव्हाही स्वस्त.

बीएस-६ मानकाच्या डिझेल गाडीबाबत तर कमी वापर हाच दोष ठरतो. धुरातील काजळी अडवणारी गाळणी त्यात असते. ती साफ राहण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी लागते. रोजच्या तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी ती तुंबते आणि तिचा खर्च मोठा असतो.

पाहावे कसे?

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने ती आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर दोष गंभीर समजावा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, परंतु पेडलचे झिजलेले रबर, स्टेअरिंगचे गुळगुळीत झालेले कातडे आणि सेवा केंद्रातील नोंदी सहसा खोटे बोलत नाहीत. आपल्या राज्यात पुराचीही तपासणी हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये असंख्य वाहने पाण्याखाली गेली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का, आसनांखालचे रूळ गंजले आहेत का, गालिच्याखाली ओलीचा वास येतो का, हे पाहावे. विजेच्या उपकरणांनी भरलेल्या अशा गाडीत एकदा पाणी शिरले, की दुरुस्तीला अंत राहत नाही.

कागदपत्रांबाबत तर भिडस्तपणा अजिबात नको. मालकी बदलाचे नमुना २९ आणि ३०, बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा नमुना ३५ आणि थकलेल्या दंडाची चौकशी या गोष्टी पैसे देण्यापूर्वी व्हाव्यात. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. गाडी देऊन टाकली, पैसे मिळाले आणि नाव मात्र तसेच राहिले, तर एखाद्या निवृत्त शिक्षकाची सारी पुंजी परक्याच्या अपघातात जाऊ शकते. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. ते पत्र मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

तात्पर्य, उत्पादन बंद झालेली गाडी ही टाकाऊ वस्तू नव्हे आणि घबाडही नव्हे. ज्यांचे कुटुंब मोठे आहे, ज्यांना नित्य लांबचा प्रवास आहे, ज्यांच्या गावी त्या गाडीचा जाणकार मेकॅनिक आहे, त्यांनी २०१८ नंतरची, एकाच मालकाने वापरलेली, नोंदी शाबूत असलेली एक्सयूव्ही ५०० घेतली, तर तो व्यवहार शहाणपणाचा ठरेल. मात्र किमतीखेरीज निदान तिच्या सहाव्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता आली पाहिजे. ती ठेवता येत नसेल, तर गाडी आपल्या आवाक्यात आलेली नाही असेच समजावे. दारात उभी असलेली मोठी गाडी पाहून शेजारी काय म्हणतील, हा विचार या हिशेबात कोठेही बसत नाही. आणि दुर्दैवाने पुष्कळसे सौदे त्याच एका विचारावर ठरतात.