मांजराचं पोट बिघडलंय? थांबावं की दवाखाना गाठावा?

संध्याकाळी व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमधून तुम्ही दमून घरी येता आणि सोफ्याजवळ मांजराची उलटी दिसते. मांजर पलंगाखाली दडून बसलेलं. ‘उद्या बघू’ असं मनात येणं साहजिक आहे. पण मांजर आपलं दुखणं लपवतं, त्यामुळे उद्यापर्यंत कधी थांबायचं आणि कधी नाही, हे माहीत असायला हवं.

काळजीचं कारण नाही, जर…

अंग चाटताना पोटात गेलेल्या केसांचा गोळा मांजर अधूनमधून ओकून टाकतं. घाईघाईत खाल्लं किंवा खाणं अचानक बदललं, तरी एखादी उलटी होते. त्यानंतर ते नेहमीसारखं खात-खेळत असेल, तर एक दिवस लक्ष ठेवा. ताजं पाणी समोर ठेवा. नवीन खाणं 7 ते 10 दिवसांत, जुन्यात थोडं थोडं मिसळत सुरू करा.

दूध मात्र देऊ नका. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब वाढतात. कांदा-लसणाची फोडणी असलेलं वरणही नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात.

डॉक्टरांकडे न्या, जर…

• दिवसभरात दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या झाल्या
• जुलाब एका दिवसात थांबले नाहीत किंवा शीमध्ये रक्त दिसलं
• दोन दिवस शी झाली नाही
• 24 तास काहीच खाल्लं नाही. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते
• पिल्लाला उलट्या-जुलाब होत आहेत. त्याच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं, म्हणून एक दिवसही थांबू नका

क्षणभरही थांबू नका

बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून जोर लावतोय, पण लघवी होत नाही? अनेकांना ही बद्धकोष्ठता वाटते. प्रत्यक्षात लघवीचा मार्ग अडलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मांजराने गुलदस्त्यातली लिली चावली असेल, तरी लगेच निघा, तिने मूत्रपिंडं निकामी होतात. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडं फाटू शकतं. आणि आपल्या औषधांच्या डब्यातलं पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, मांजरासाठी ते विष आहे.

आजच करून ठेवा

हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण व्हाइटफील्डहून तिथे जायचं म्हणजे शहराचं दुसरं टोक. म्हणून रात्री सुरू असणारा जवळचा दवाखाना आधीच शोधा, नंबर फ्रिजवर चिकटवा. दिवसभर घरी असणाऱ्या मदतनीस ताईंनाही विचारत जा. कन्नडमध्येही उलटीला ‘वांती’च म्हणतात, तेव्हा भाषेची अडचण येणार नाही! निघताना उलटीचा फोटो आणि शीचा नमुना सोबत घ्या. मांजराला बोलता येत नाही, डॉक्टरांना त्याची हकिगत तुम्हालाच सांगायची आहे.