मुळासकट निखळलेला दात

कबड्डी खेळताना किंवा सायकलवरून पडून मुलाचा पुढचा दात मुळासकट बाहेर येतो, तेव्हा डॉक्टर केसपेपरवर ‘अव्हल्शन’ लिहितात. म्हणजे शरीराचा भाग उपटून वेगळा होणं. स्नायूच्या ओढीने हाडाचा तुकडा निघाला तरी शब्द हाच. दाताचा नुसता टवका उडाला, तर मात्र ते अव्हल्शन नव्हे.

‘दात पडला म्हणजे संपला’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. कायमचा दात त्याच खाचेत पुन्हा बसवता येतो आणि रुजूही शकतो. निखळलेला दात जवळून पाहा. मुळाला ओलसर, लालसर तंतू चिकटलेले दिसतील. घाण समजून घरची माणसं नेमके तेच साबणाने घासून काढतात! दाताला हाडाशी बांधून ठेवणारं अस्तर ते हेच. कोरड्या हवेत तासाभरात त्यातल्या बहुतेक पेशी मरतात. रुमालात गुंडाळून आणलेल्या दाताचं नुकसान होतं ते यामुळेच.

दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये हलकेच विसळावा. मूल शुद्धीवर असेल, तर तिथल्या तिथे दात खाचेत सरळ बसवून, त्यावर स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावा आणि तडक दातांचा दवाखाना गाठावा. बसवणं जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवावा. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. दूध नसेल तर वाटीत मुलाची थुंकी घेऊन तीत ठेवावा. काहीच नसेल तर मात्र कोरड्यापेक्षा पाणी बरं.

दुधाचा दात कधीही परत बसवू नये. आत घडत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते. डॉक्टरांना दाखवावं मात्र लागतंच.

तास उलटला म्हणून दात टाकूनही देऊ नये. उशिरा बसवलेल्या दाताचं मूळ पुढे हळूहळू झिजतं हे खरं, पण वाढत्या वयात जबड्याचं हाड आणि दाताची जागा टिकते, तेही मोलाचं आहे.

दात बसला की काम झालं, असंही नाही. साधारण 2 आठवडे तो बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधतात. मुळाची वाढ पूर्ण झाली असेल तर त्याच 2 आठवड्यांत रूट कॅनाल सुरू करतात. सात-आठ वर्षांच्या मुलात मुळाचं टोक उघडं असतं, आतली नस पुन्हा जगू शकते, म्हणून तिथे घाई न करता वारंवार तपासत राहतात.