चाळ, मनोरा आणि मोकळी जागा

घराचा प्रश्न दलित चळवळीने बहुतेक वेळा ‘घर मिळाले की नाही’ एवढ्यावरच मोजला. ते किती दाटीत मिळाले आणि त्याच्या मोबदल्यात कोणती जमीन कुणाच्या हाती गेली, हे आपण फारसे विचारीत नाही. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास हा प्रश्न उघडा करतो. जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यातील ज्यांची माणसे पोटासाठी मुंबईला गेली, त्यांना तो परका नाही.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे सरकारी खाते १९२० मध्ये निघाले. त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. तळमजल्यावर तीन मजले, चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. गिरणी कामगार, पोलीस, पूर्वास्पृश्य अशी सरमिसळ वस्ती येथे झाली. ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरच्या सभेनंतर वरळी पेटली ती याच चाळींतून. त्या दिवशी रमेश देवरुखकर आणि १० जानेवारीच्या मोर्च्यात भागवत जाधव हे बळी गेले. चाळींमधील मोकळ्या मैदानाने माणसांना एकत्र येण्याची जागा दिली. पुनर्विकासाच्या हिशेबात हे मोल कोठेच धरलेले नाही.

हा हिशेब समजून घेतला पाहिजे. पुनर्विकासात रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर मोफत मिळते. मोफत म्हणजे त्याचा खर्च त्याच जमिनीवर जादा बांधकाम करून, ते बाजारभावाने विकून काढायचा. त्यासाठी सरकार चटईक्षेत्र निर्देशांक वाढवून देते. १,००० चौरस मीटर भूखंडावर निर्देशांक ४ असेल, तर ४,००० चौरस मीटर मजले उभे राहतात. विक्रीसाठी जमीन मोकळी व्हावी म्हणून रहिवाशांना उंच आणि जवळजवळच्या इमारतींत बसवावे लागते. वरळीत हे मनोरे ४० मजल्यांचे आहेत.

खरी मेख पुढेच आहे. निर्देशांक मजले मोजतो, माणसे मोजीत नाही. त्याच ४,००० चौरस मीटरमध्ये श्रीमंतांची २०० मीटरची २० घरे बसतात किंवा गरिबांची ५० मीटरची ८० घरे बसतात. खाली ५०० चौरस मीटर मोकळी जागा असेल, तर पहिल्यांच्या वाट्याला कुटुंबामागे २५ मीटर येते; दुसऱ्यांच्या वाट्याला सहा. नियम एकच, पण दाटी चौपट! नवी मुंबईच्या कल्पनेचे एक जनक, अभियंता शिरीष पटेल यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे मांडला. बी.डी.डी.च्या आराखड्याविरुद्ध त्यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिकाही केली. मग सहा मीटर वाट्याला येणारे लोक कोण, हे सांगायला हवे काय? गावकुसाबाहेरची जागा आपल्याला कुणी मोजून दिली नव्हती. येथे मात्र ती नकाशावर मोजून दिली जाते.

रहिवाशांचा विरोध नव्या घराला नव्हता. २२ एप्रिल २०१७ रोजी भूमिपूजन झाले, तरी आधी करार हातात द्या, मग खोली सोडतो, हा त्यांचा आग्रह होता. लिफ्ट, पंप आणि दिव्यांचा खर्च पुढे कोण देणार, ही शंकाही होती. त्यांना ‘विकासविरोधी’ म्हटले गेले. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या बायांना घरातच संडास मिळाला. हा आनंद खोटा नाही आणि त्याला कुणी नाके मुरडू नयेत. पण कृतज्ञता म्हणून हिशेब मागणे सोडायचे काय?

माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नकाशा वाचणे हे ‘साहेबांचे’ काम, असे आमच्याकडे मानले जाई. हा समज मोडला पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत हरकत घेण्याचा आणि सुनावणीत बोलण्याचा हक्क कुणालाही आहे. मुंबईबाहेरील बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तालुक्याच्या गावातही मनोरे येतील आणि सर्वांत आधी जमीन शोधली जाईल ती आपल्या वस्तीची. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आराखडा मागवावा, वस्तीत बसून तो वाचावा. मजले किती हे विचारण्याआधी माणसामागे मोकळी जागा किती, हे विचारावे.