बंद पडलेली जुनी मोटारसायकल : दोष कसा ओळखावा?

वापरलेली मोटारसायकल विकत घेताना 'फक्त बॅटरी उतरली आहे' हे वाक्य ग्राहकाच्या कानी हमखास पडते. ते अनेकदा खरेही असते. मात्र बंद गाडी आणि चालू गाडी यांच्या किमतीत मोठा फरक असतो, आणि सुरू न होण्याचे कारण प्लग आहे की इंजिनाची झीज, यावर हा व्यवहार फायद्याचा की तोट्याचा हे ठरते. त्यामुळे सुटे भाग बदलण्यापूर्वी दोष कोठे आहे, हे क्रमाने तपासणे महत्त्वाचे ठरते.

पेट्रोलवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाला तीन गोष्टींची गरज असते. हवा व इंधनाचे योग्य मिश्रण, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन. या तिन्हींपैकी एकही नसेल तर इंजिन सुरू होत नाही.

प्रारंभी साध्या बाबी पाहून घ्याव्यात. हँडलवरील लाल रंगाचा इंजिन बंद करण्याचा स्विच चुकून दाबलेला असणे, पेट्रोल कॉक बंद असणे, फ्यूज उडालेला असणे ही कारणे क्षुल्लक वाटली तरी वारंवार आढळतात. अलीकडच्या अनेक गाड्यांमध्ये बाजूचा स्टँड खाली असताना गिअर टाकलेला असेल तर इंजिन सुरूच होत नाही. जुन्या मालकाला ही सवयीची बाब असते, नव्याला ती ठाऊक नसते. ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटची किकही अशीच सवयीची. अँमीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवावा आणि मगच पूर्ण किक मारावी लागते. ही पद्धत माहीत नसल्याने निर्दोष गाडीही बिघडलेली ठरते.

यानंतर इंधनाकडे वळावे. कित्येक महिने उभ्या राहिलेल्या गाडीत दोष बहुधा येथेच असतो. पेट्रोलमधील हलके, चटकन पेट घेणारे घटक काळाच्या ओघात उडून जातात आणि मागे चिकट थर उरतो. कार्ब्युरेटरमधील पायलट जेटचे छिद्र अतिशय बारीक असल्याने ते या थराने सहज बुजते. इंजिन चोक ओढल्यावर क्षणभर सुरू होऊन चोक सोडताच बंद पडत असेल, तर संशय प्रथम या जेटवर घ्यावा. पेट्रोलमध्ये आता मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमुळे आणखी एक अडचण निर्माण झाली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण फार वाढल्यास पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचतात, आणि इंजिनाला इंधन तळातूनच मिळते. कोकण, केरळ किंवा बंगालसारख्या दमट प्रदेशात पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीबाबत ही शक्यता अवश्य ध्यानात घ्यावी. कार्ब्युरेटरच्या वाटीखालील स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतल्यास पाणी, गंज वा कचरा डोळ्यांना दिसतो. पेट्रोल येतच नसेल तर कॉक, नळी आणि टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र पाहावे. झाकण उघडताच पेट्रोल वाहू लागले तर दोष त्या छिद्राचा समजावा.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी केलेले घर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीने लिंपलेली माती हेही उभ्या गाड्यांचे नेहमीचे आजार आहेत.

पाच-सहा किक मारल्यानंतर स्पार्क प्लग काढून पाहिल्यास पुढची दिशा बरीचशी स्पष्ट होते. प्लग कोरडा असेल तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोहोचते, पण पेट घेत नाही. अशा वेळी ठिणगी तपासावी. काळी कोरडी काजळी जास्त पेट्रोलाची किंवा बुजलेल्या फिल्टरची खूण आहे, तर काळा तेलकट थर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. दुसरी खूण ग्राहकाने अधिक गांभीर्याने घ्यावी.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग त्याच्या टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवतात आणि किक मारतात. प्लग त्याच्या छिद्रापासून दूर धरावा. तेथून बाहेर येणारी पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटू शकते. हे काम मोकळ्या हवेत, सांडलेले पेट्रोल पुसून आणि टोपी रबरी भागावर धरूनच करावे. निळसर, ठसठशीत ठिणगी चांगली. पिवळट, क्षीण ठिणगी किंवा ठिणगीचा अभाव असल्यास प्रथम नवा प्लग लावून पाहावा, त्यानंतर टोपी, कॉईल, सीडीआय व जोडण्या तपासाव्यात. बजाज पल्सरच्या २००३ सालापासून आलेल्या डीटीएसआय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात. तेथे दोन्ही पाहावे लागतात.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर मोटारसायकलींमध्ये कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. या गाड्यांना जुने उपाय जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्या बॅटरी अशक्त असतानाही किकवर सुरू होतात. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पेट्रोल पंप आणि नियंत्रण करणारा संगणक दोन्ही विजेवर चालतात. किल्ली फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाचा घूं असा आवाज यावयास हवा. तो आला नाही तर फ्यूज, रिले आणि पंप यांची तपासणी करावी. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी उतरलेली समजावी. सेल्फचे बटण दाबल्यावर नुसता टक-टक आवाज येत असेल तर प्रथम बॅटरी आणि तिच्या सैल वा गंजलेल्या जोडण्या पाहाव्यात. धक्का मारून अशी गाडी वारंवार सुरू करण्याचा प्रयत्न टाळावा, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची हानी करू शकते.

इंधन आणि ठिणगी दोन्ही ठीक असूनही इंजिन दाद देत नसेल, तर दाबाची परीक्षा करावी. ठिणगीची तार वेगळी ठेवून प्लगच्या छिद्रावर अंगठा दाबून धरावा आणि दुसऱ्याने किक मारावी. आतील हवेने अंगठा जोराने उडवला पाहिजे. दाब क्षीण असल्यास चमचाभर इंजिन ऑइल छिद्रातून आत सोडून पुन्हा पाहावे. आता दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजले आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, अथवा टॅपेट फार घट्ट आहेत. टॅपेटची जुळवणी थोड्या वेळात होते. बोअर करून नवा पिस्टन बसवण्यासाठी मात्र इंजिन उघडावे लागते, आणि शंभर सीसीच्या जुन्या गाडीवर हा खर्च करण्यापूर्वी तिची किंमत पुन्हा ठरवून घेणे इष्ट. किक अजिबात खाली जात नसेल तर पिस्टन जाम झाल्याची शक्यता असते. तेथे जोर लावू नये.

गाडी १५ वर्षांची झाली असल्यास नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती परिवहन कार्यालयात तपासणीस न्यावी लागते. तेव्हा इंजिन उघडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्रावरील चासिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात का, आणि नोंदणीची मुदत किती उरली आहे, हे पाहून घ्यावे.