सॉफ्टीचा कोन आणि आपल्या म्हशीचे दूध

देवदर्शनाला, लग्नाला किंवा सहलीला निघालेले शेतकरी कुटुंब आजकाल वाटेत कुठे ना कुठे सॉफ्टीच्या गाड्यापाशी थांबतेच. आपल्या लहानपणी जत्रेत गारेगार मिळे, नाहीतर लाकडी बादलीत बर्फ आणि मीठ घालून हाताने फिरवलेले आईस्क्रीम मिळे. आता यंत्राचा दांडा खाली ओढला की पांढरी, मऊ, वेटोळी सॉफ्टी कोनात उतरते आणि मुले टाळ्या पिटतात.

मुलांच्या हौसेला मोल नाही. पण त्या कोनात दूध किती आणि हवा किती, त्यातला स्निग्धांश दुधाचा की तेलाचा, आणि ते यंत्र शेवटचे कधी धुतले, हा विचार रोज डेअरीला दूध घालणारा शेतकरीसुद्धा करीत नाही. शिवाय हल्ली गावोगावची तरुण मुले एक प्रश्न हमखास विचारतात, "साहेब, घरात दूध आहे. तालुक्याच्या गावी सॉफ्टीचे यंत्र टाकले तर कसे?" प्रश्न कर्जाचा असल्यामुळे त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

भिलारच्या वाटेवरचा गाडा

माझ्या पुतण्याच्या डोक्यातही हेच यंत्र बसले होते. त्याच्याकडे सात म्हशी आहेत, दोन वेळचे मिळून चाळीसेक लिटर दूध निघते. गेल्या माघात आम्ही वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला आणि तेथून भिलारकडे गेलो. त्याला स्ट्रॉबेरीचे वाफे पाहायचे होते. या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपे लावतात आणि डिसेंबरापासून मार्च-एप्रिलपर्यंत फळ चालते. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा ही जातींची नावे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

रस्त्याच्या कडेला एका शेतकरी कुटुंबाने पत्र्याच्या शेडमध्ये सॉफ्टीचे यंत्र मांडले होते. यंत्रावर घरधनीण, फळे निवडायला तिची सासू, मागे दीड एकराचे वाफे. आम्ही चार कप सॉफ्टी मागितली. बाईंनी पांढरी सॉफ्टी कपात घेतली आणि वर साखरेत शिजवलेल्या स्ट्रॉबेरीचा चमचाभर गर घातला.

"ताई, हा गर यंत्रातच का घालत नाही? सगळी सॉफ्टी गुलाबी होईल की," पुतण्याने विचारले.

"नाही दादा. फळाचे तुकडे आत गेले की यंत्र तुंबतं. आणि खोक्यात न बसणारं बारकं फळ व्यापारी घेत नाही, त्याचाच हा गर. ते फळ पूर्वी मातीमोल जायचं."

"दिवसाला किती कोन जातात?"

बाई हसल्या. "कोणत्या दिवसाला म्हणता? शनिवार-रविवारी हात दुखतो दांडा ओढून. मंगळवारी मी आणि आत्याबाई एकमेकींची तोंडं बघत बसतो. यंत्र मात्र दोन्ही दिवशी सारखीच वीज खातं. आणि पावसाळ्यात तर शेडच बंद."

सौ.ने यंत्राच्या स्वच्छतेबद्दल विचारले. बाई म्हणाल्या, "रोज रात्री सगळं खोलायचं, रबराच्या रिंगा काढायच्या, गरम पाण्यानं धुवायचं, औषधाचं पाणी फिरवायचं. उरलेलं मिश्रण टाकून द्यायचं. जीवावर येतं हो, पण पोरं खातात ना ते."

परत निघताना पुतण्या गप्प होता. पाचगणी मागे पडल्यावर म्हणाला, "तात्या, तिला दूध कुठं लागतंय फारसं?" त्याने नेमके मर्मावर बोट ठेवले होते. ते कसे, हे कळायला यंत्राच्या पोटात शिरले पाहिजे.

यंत्राच्या पोटात काय चालते

यंत्राच्या वरच्या टाकीत दूध, साखर, दुधाची भुकटी आणि मिश्रण एकजीव ठेवणारा पदार्थ यांचे पातळ मिश्रण असते. ही टाकी साधारण ४ अंश सेल्सियसला थंड राहावी लागते. मिश्रण खालच्या नळकांड्यात उतरते. नळकांड्याच्या भिंती गोठणबिंदूखाली असतात. आतली पाती भिंतीवर धरलेला बर्फाचा पापुद्रा सतत खरवडत राहतात आणि त्याच वेळी मिश्रणात हवा मिसळतात. त्यामुळे बर्फाचे खडे होत नाहीत, जिभेला मऊ लागते. सॉफ्टी बाहेर येते तेव्हा तिचे तापमान शून्याखाली सहा-सात अंशांच्या आसपास असते. डब्यातले घट्ट आईस्क्रीम शून्याखाली १८ अंशांवर किंवा त्याहूनही थंड ठेवतात. आपल्या कुल्फीत हवा घालत नाहीत, दूध आटवून गोठवतात. म्हणून कुल्फी आकाराने लहान असूनही हाताला जड लागते.

ही कल्पना अमेरिकेतली. टॉम कार्व्हेल नावाच्या विक्रेत्याच्या गाडीचा टायर १९३४ साली न्यूयॉर्क राज्यातील हार्ट्सडेल येथे फुटला. आईस्क्रीम वितळू लागले, तेव्हा त्याने ते तसेच मऊ विकले आणि लोकांना ते आवडले. पुढे १९३८ च्या ऑगस्टमध्ये इलिनॉय राज्यातील कॅंकाकी गावी मॅकुलो पितापुत्रांनी एका दुकानात दहा सेंटमध्ये हवे तेवढे मऊ आईस्क्रीम देऊन पाहिले. दोन तासांत सोळाशेहून अधिक वाढी खपल्या. त्यातूनच १९४० साली जोलिएट गावी 'डेअरी क्वीन'चे पहिले दुकान निघाले. मॅकुलोंचे म्हणणे असे की, फार थंड पदार्थाने जीभ बधिर होते, मऊ असताना चव अधिक कळते. आपणही खाऊन पाहावे, म्हणणे पटते.

पाटीवरचा हिशेब

घरी आल्यावर मी पुतण्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. एक लिटर मिश्रणाचे वजन सुमारे १ किलो १०० ग्रॅम धरा. त्यात ४० टक्के हवा मिसळली म्हणजे एका लिटराची १ लिटर ४०० मिलिलिटर सॉफ्टी झाली. १०० मिलिलिटरचा एक कोन धरला तर चौदा कोन झाले. म्हणजे एका कोनात मिश्रण भरले सुमारे ७८ ग्रॅम.

मिश्रणात ५ टक्के स्निग्धांश असेल तर कोनात स्निग्धांश झाला सुमारे ४ ग्रॅम. सहा फॅटच्या म्हशीच्या ६५ ग्रॅम दुधात तेवढा स्निग्धांश असतो. म्हणजे एक लिटर दुधातला स्निग्धांश पंधरा कोनांना पुरतो. बाकीची घट्टाई भुकटीची, आणि साखर असते कोनामागे सुमारे दोन-अडीच चमचे.

आता दिवसाला शंभर कोन खपले असे धरू. रोज शंभर कोन म्हणजे काही थोडे नव्हेत. तरी दूध लागले साडेसहा लिटर! पुतण्याच्या चाळीस लिटरांपैकी तेहतीस-चौतीस लिटर दूध डेअरीलाच घालावे लागणार. 'माझ्याकडे दूध आहे म्हणून यंत्र घेतो' हा विचार इथेच कोसळतो. सॉफ्टी हा गारव्याचा, स्वच्छतेचा आणि गर्दीचा धंदा आहे. दुधाचा भाग त्यात थोडा. भिलारच्या बाईंचा गाडा चालतो तो दुधामुळे नव्हे. फिरायला आलेल्या लोकांचा रस्ता, घरची माणसे आणि मातीमोल जाणाऱ्या फळाला मिळालेली किंमत, या तीन गोष्टींवर तो उभा आहे.

शिवाय म्हशीच्या दुधाची एक अडचण आहे. त्यातले स्निग्धकण मोठे असतात. यंत्राने ते बारीक न करता दूध नळकांड्यात घातले आणि ते फार वेळ घुसळले गेले तर लोण्याचे कण सुटतात. मिश्रण ८० अंशांपर्यंत तापवून, झटकन थंड करून, चार अंशांवर काही तास मुरवावे लागते. हे सारे घरी नीट जमवणे अवघड, म्हणून बहुतेक गाडेवाले तयार मिश्रण किंवा भुकटीचे पुडे आणतात.

दूध की तेल?

या पुड्यांवरचे बारीक अक्षर वाचावे. काही मिश्रणांत दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल किंवा वनस्पती तूप असते. आपल्या देशातील अन्न सुरक्षा व मानके यांच्या २०११ च्या नियमांत आईस्क्रीम आणि 'फ्रोझन डेझर्ट' हे दोन वेगळे पदार्थ मानले आहेत. साध्या आईस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश १० टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. मध्यम स्निग्धांशाच्या प्रकारात तो अडीच ते दहा टक्के असतो. वनस्पती स्निग्धांश वापरला तर त्याला आईस्क्रीम म्हणता येत नाही. हवा किती भरायची यालाही आवर आहे. साध्या आईस्क्रीमचे वजन लिटरला ५२५ ग्रॅमपेक्षा कमी भरता कामा नये.

तेलाचा पदार्थ विकणे हा गुन्हा नव्हे. पण तो दुधाचा म्हणून विकू नये आणि आपणही दुधाचा समजून घेऊ नये. पहाटे उठून धार काढणाऱ्याने पोराच्या हातात कोन देताना "हे दुधाचे की तेलाचे?" एवढे विचारावे. चांगला विक्रेता पुडा काढून दाखवतो.

गाडा टाकायचाच असेल तर

पहिले म्हणजे जागा मोजा. ज्या ठिकाणी गाडा टाकायचा तिथे बाजाराचा एक दिवस आणि आडवार एक दिवस असे दोन दिवस वही घेऊन बसा. किती कुटुंबे थांबतात, थंड पदार्थ किती खपतात, याची नोंद करा. वर्षातले किती दिवस धंदा बंद राहील तेही लिहा. कर्जाचा हप्ता बाराही महिने येतो, गिऱ्हाईक येत नाही.

दुसरे, विजेचा विचार करा. भारनियमन असेल तर टाकीतले मिश्रण किती वेळ थंड राहील, हे यंत्र विकणाऱ्याकडून लेखी घ्या. दुरुस्तीचा माणूस कुठून येतो आणि किती तासांत येतो, हेही विचारा. ऐन मे महिन्यात यंत्र चार दिवस बंद पडले तर हंगामाची कमाई त्यातच जाते.

तिसरे, धुण्याचे काम कोण करणार ते आधी ठरवा. रोज रात्री अर्धा-पाऊण तास यंत्र खोलून धुणारे माणूस घरात नसेल तर हा धंदा करू नये. विकायला लागण्यापूर्वी अन्न नोंदणी करून घ्यावी आणि कागद दुकानात लावावा.

चौथे, आधी कमी भांडवलाची वाट चोखाळून पाहा. कुल्फी, लस्सी, मसाला ताक यांना महागडे यंत्र लागत नाही आणि दूध मात्र खूप लागते. घरचे दूध खपवणे हाच हेतू असेल तर हीच वाट जवळची. पुतण्याने यंत्राचे कागद कपाटात ठेवले आहेत. सध्या दर आठवडी बाजारी तो आणि सूनबाई कुल्फी विकतात आणि वहीत नोंद करतात. यंत्र घ्यायचे की नाही ते त्या वहीवरून ठरेल.

प्रवासात कोन घेताना

माताभगिनींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यंत्राच्या तोंडाशी वाळलेला चिकटा असेल, माश्या बसत असतील तर तिथे घेऊ नये. चांगली सॉफ्टी कोनात ताठ उभी राहते. पाण्यासारखी पसरली तर यंत्र पुरेसे गार नाही असे समजावे. आंबूस वास आला किंवा जिभेला बर्फाचे खडे लागले तर कोन टाकून द्यावा, दिलेल्या पैशांचा लोभ धरू नये. पैसे घेणारा हात आणि कोन धरणारा हात एकच असेल तर तसे बोलून दाखवावे.

गारव्याने सगळे जंतू मरतात ही समजूत चुकीची आहे. बरेचसे नुसते झोपतात, आणि काही तर थंडीतही हळूहळू वाढतात. म्हणून गरोदर बाया, तान्ही मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांनी स्वच्छतेची खात्री नसलेल्या यंत्रातली सॉफ्टी टाळावी. त्यांना आधी पाकीटबंद केलेले, नीट गोठलेले आईस्क्रीम घ्यावे.

एरवी मुलांना वर्षातून दोन-चार वेळा सॉफ्टी खुशाल द्यावी. खाताना त्यांना हा पंधरा कोनांचा हिशेबही घालावा. एक लिटर दुधाला डेअरीत काय मिळते आणि त्यातून झालेले पंधरा कोन कितीला विकले जातात, हे गणित पोरांनी स्वतः सोडवावे. मधल्या पैशात वीज किती, भाडे किती, साखर किती, श्रम किती, हेही त्यांनीच शोधावे. पुढे धंदा करायचा झाला तर हे गणित त्यांच्या कामी येईल.