गॅरेजची खोली करताना : पैसा कोठून, कसा?

आपल्यापैकी अनेकांनी नोकरीच्या उत्तरार्धात भूखंड घेऊन स्वतःचे घर बांधले. नकाशात समोरच्या बाजूस गॅरेज दाखविले. मोटार मात्र आलीच नाही. त्या जागेत जुनी सायकल आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडून राहिल्या. पुढे मुले स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला लागली किंवा आईला जिना चढवेना झाला, की गॅरेजची खोली करण्याचा विषय घरात निघतो. खर्च किरकोळ वाटतो म्हणून कोणी हिशेब नीट मांडत नाही. आम्हीही मांडला नव्हता, म्हणून हा लेखप्रपंच.

सदनिकाधारकांना ही वाट नाही. इमारतीखाली खांबांमधली वाहने ठेवण्याची जागा म्हणजे गॅरेज नव्हे व ती बिल्डरला स्वतंत्रपणे विकताही येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. येथे विचार केला आहे तो स्वतंत्र घरांचा.

आमची चूक अशी की, आम्ही आधी बांधले आणि मग कर्जास गेलो. घरच्या शिलकीतून शटर काढले, भिंत घातली, आणि निम्म्या कामावर पैसे संपले. बँकेचा अभियंता मंजूर नकाशा घेऊन आला. नकाशात गॅरेज, जागेवर खोली! अर्ज तेथेच थांबला. राग आला खरा, पण नियम त्या बँकेने स्वतःच्या मनाने काढलेला नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयातील एका प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने २००६ मध्येच सर्व बँकांना कळविले आहे की, घरबांधणीचे कर्ज मंजूर नकाशा पाहूनच द्यावे आणि बांधकाम नकाशाप्रमाणेच होईल असे प्रतिज्ञापत्र घ्यावे.

तेव्हा पहिला खर्च वास्तुविशारदाचा समजावा. वाहनांची जागा सामान्यतः चटईक्षेत्रात धरली जात नाही. तिची खोली केली की ती धरली जाते. भूखंडावर चटईक्षेत्र शिल्लक आहे काय, आणि नियमाप्रमाणे वाहनासाठी दुसरी जागा दाखविता येईल काय, हे त्यांच्याकडून तपासून घ्यावे. भूखंड सिडको किंवा नागपूर सुधार प्रन्यास यांच्याकडून भाडेपट्ट्याने मिळाला असल्यास त्यांचे ना-हरकत पत्रही लागते.

अंदाजपत्रकात एक गोष्ट हमखास सुटते. राहण्याच्या खोलीची उंची सर्वसाधारणपणे २.७५ मीटर लागते. गॅरेज बहुधा त्याहून बुटके असते, शिवाय त्याची फरशी घराच्या जोत्यापेक्षा खाली आणि रस्त्याकडे उतरती. ओल येऊ नये म्हणून फरशी उचलावी तर उंची आणखी घटते. हे आधी मोजले नाही, तर चार लाखांच्या कामात छताचा खर्च अचानक उभा राहतो.

आता कर्ज. समजा चार लाख हवेत. चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज ९ टक्के दराने १५ वर्षांसाठी मिळाले, तर हप्ता सुमारे ४,०५७ रुपये. हलका वाटतो, परंतु एकूण व्याज होते ३ लाख ३० हजार! हेच वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी घेऊन पाच वर्षांत फेडले, तर हप्ता ९,३०७ आणि व्याज १ लाख ५८ हजार. म्हणजे महाग दराचे कर्ज एकूण व्याजात निम्म्याहून कमी पडले. आणि ९ टक्क्यांचे कर्जच पाच वर्षांत फेडले, तर व्याज फक्त ९८ हजार. आमचे मत असे की, घर तारण ठेवायचेच तर मुदत छोटी मागावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे बोनस किंवा थकबाकी हाती येताच मुद्दलात भरावी.

वैयक्तिक कर्जाला कोणी नकाशा विचारत नाही, म्हणून लोक तिकडे वळतात. त्याने बांधकाम नियमित होत नाही. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी त्याच घरावर कर्ज काढताना तोच नकाशा पुढे येतो.

'फ्लॅट' दरापासूनही सावध राहावे. चार लाखांवर १० टक्के फ्लॅट, पाच वर्षे, म्हणजे दरमहा दहा हजार. मुद्दल कमी होत असूनही व्याज पूर्ण रकमेवर लागत असल्याने खरा दर सुमारे १७ टक्के पडतो. ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदारांना सर्व शुल्क धरून वार्षिक दर सांगणारे तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. सहीपूर्वी ते मागून घ्यावे.

भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेला हप्ता नसतो, हे खरे. पण निवृत्तीस चार-पाच वर्षे उरली असता तो पैसा भिंतीत घालणे आम्हांस पटत नाही. ती रक्कम पुन्हा साठविण्यास नोकरीच उरलेली नसते.

कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. डिसेंबर २०२३ पासून कर्ज देणाऱ्या संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणून कर्ज घेतानाच दिलेल्या प्रत्येक कागदाची सही-शिक्क्याची यादी घेऊन घरी ठेवावी.