ओव्हरफ्लोचा सांधा
गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप बहुतेक वेळ कोरडाच असतो, म्हणून त्याच्या सांध्यांकडे कुणी फारसं बघत नाही. पाण्याला दाब नाही, मग भरपूर सोल्युशन फासलं की झालं, असा समज रूढ आहे. पण बॉलकॉक अडकला की हाच पाइप रात्रभर वाहतो, आणि दाब नसला तरी कच्च्या सांध्यातून झिरपलेलं पाणी स्लॅबमध्ये मुरतंच. सांधा टिकणार की गळणार, हे सोल्युशन किती लावलं यापेक्षा दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक कोणतं आहे यावर ठरतं.

पीव्हीसीच्या सोल्युशनमध्ये टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झानोन यांसारखी द्रावकं असतात, शिवाय थोडं पीव्हीसीही विरघळवलेलं असतं. द्रावक पाइपच्या आणि सॉकेटच्या पृष्ठभागात शिरतं, तिथल्या लांबलचक रेणूसाखळ्या सैल होतात, दोन्हीकडच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेलं की मागे सलग पीव्हीसी उरतं. त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना भिडायला हवेत. सॉकेट आतून किंचित निमुळता ठेवतात तो याचसाठी. कोरडा पाइप त्यात तळाला पोचण्याआधीच अडकला पाहिजे. सोल्युशन लावल्यावर पाइप तळापर्यंत दाबायचा, पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट तसाच धरायचा; लगेच सोडला तर तो हळूच मागे सरकतो. जास्त लावलं तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. बिघडतं: आत साचलेलं जादा द्रावक पाइपची भिंतच मऊ करतं आणि सांधा पक्का व्हायलाही उशीर लागतो.

टाकी मात्र बहुधा पॉलिइथिलीनची असते, आणि खरी फसगत इथेच होते. पॉलिइथिलीनचे रेणू ध्रुवीय नसतात, त्यांचा बराच भाग स्फटिकासारखा घट्ट रचलेला असतो. नेहमीच्या तापमानाला ही द्रावकं त्यांना विरघळवू शकत नाहीत. भोकात पाइप खुपसून कडेनं थापलेली इपॉक्सी पुट्टी दिसायला टणक असते, पण टाकीला तिची पकड नसते. त्यात गच्चीवरचं ऊन. तापमान 30 अंशांनी वाढलं की 3 मीटर पीव्हीसी पाइप सुमारे 6 मिलिमीटर लांबतो आणि पॉलिइथिलीन त्याहूनही बरंच अधिक प्रसरण पावतं. अशी रोजची ओढाताण पुट्टी सोसत नाही. तिथे रबरी वॉशर आणि नट असलेला टँक निपलच हवा, आणि भोकाची कड कानशीनं साफ करूनच तो बसवायला हवा. पॉलिप्रॉपिलीनच्या पाइपांनाही सोल्युशन चालत नाही. त्यांचे सांधे रबरी रिंगेचे असतात किंवा तापवून जोडलेले.

रबर पुढे कडक होतं, हा आक्षेप खरा आहे. पण वॉशर काही रुपयांत बदलता येतो, आणि तोवर तो दोन्हीकडची हालचाल सोसतो. काम झाल्यावर सोल्युशन पुरतं सुकू द्यावं, मग बॉलकॉक दाबून धरून टाकी मुद्दाम वाहू द्यावी आणि प्रत्येक सांध्याखालून कोरडा कागद फिरवावा. भिंतीला गिलावा होण्याआधीच.